आधी दर्शनबारीचं बघा, मग कॉरिडॉर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंढरपूर कॉरिडॉरबद्दल, म्हणजे विठ्ठल मंदिराभोवतीची घरं-दुकानं पाडून रस्ते रुंद करण्याच्या सरकारी योजनेबद्दल, दोन्ही बाजूंनी बरंच छापून येतं. मी महाद्वार भागातला भाडेकरू दुकानदार. यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो.

आषाढीला इथे गर्दी तुंबते ती कशाने? देवाचा निजायचा पलंग काढून ठेवतात, चोवीस तास दर्शन चालू राहतं, तरी बारी गोपाळपूरला रांगेसाठी उभारलेल्या पत्राशेडपर्यंत जाते. कारण वारकऱ्याला पायांवर डोकं ठेवायचं असतं आणि त्या विटेपाशी एका वेळी एकच माणूस वाकू शकतो. बाहेरचा रस्ता चाळीस फुटी करा नाहीतर शंभर फुटी, बारीचा वेग गाभाराच ठरवणार. मग त्या माणसाला ताटकळत असताना सावली, पाणी, शौचालय आणि बसायला जागा मिळते का, हे पाहायला हवं. दर्शनमंडप आणि स्कायवॉकचं काम म्हणूनच आधी व्हावं.

काशीचा दाखला हमखास देतात. तिथे 2021 साली मंदिरापासून गंगेपर्यंतची वाट मोकळी केली. आपल्याकडे महाद्वारातून निघालं की समोर घाट आणि चंद्रभागा. वाट अरुंद आहे, मान्य. पण ती आहे.

रस्ते रुंद करण्याचा अनुभव गावाला नवा नाही. ऐंशीच्या दशकात मास्टर प्लॅनमध्ये लोकांची घरं गेली. त्या रुंद रस्त्यांवर आज यात्रेत पथाऱ्या आणि गाड्या किती जागा खातात, ते प्रदक्षिणा मार्गावरून एकदा चालून पाहावं. याउलट नदीपलीकडच्या 65 एकरांच्या वारकरी तळाने खरा दिलासा दिला. वाळवंटातल्या राहुट्या तिकडे गेल्या, पाण्याची-शौचालयांची सोय झाली. त्यासाठी पेठेतला वाडा पाडावा लागला नाही. आता आळंदी-देहूकडून येणारे पालखी महामार्ग रुंद झाल्यावर गाड्या वाढणारच. त्यांनाही गावाबाहेरच थांबवायला हवं.

जे वाडे नकाशावर 'बाधित' दिसतील, त्यातल्या कित्येकांत पिढ्यान्‌पिढ्या त्याच फडाचे (वारकरी परंपरेतल्या गटाचे), त्याच गावचे वारकरी उतरतात. आजोबा उतरायचे त्याच माडीवर नातू वळकटी टाकतो. वाडा गेला की तो लॉजच्या दारात उभा राहणार, आणि आषाढीत लॉजचे दर काय असतात ते त्यालाच विचारा.

कॉरिडॉर करायचाच असेल, तर कोणाचं किती जातंय याचा सिटी सर्व्हे नंबरनिहाय नकाशा मराठीत छापून चौकाचौकांत लावावा. भरपाईचं बोलणं मालकापाशी थांबू नये. बुक्का, तुळशीमाळा, टाळ विकणारे आमच्यासारखे पुष्कळजण भाडेकरू आहेत. आम्हाला गाळा कुठे आणि किती चौरस फुटांचा मिळणार, हे पाडकामाआधी लेखी द्यावं. मंदिरापासून कोसभर लांबचा गाळा आमच्या कामाचा नाही.

आपला,
एक दुकानदार, पंढरपूर