बाय, सही करीन, पण आधी हे वाच

प्रिय बाय,

चवथीला गणपतीवरची माटोळी बांधता बांधता तू बाबांशी लोन काढून ब्रिटनला शिकायला जायचं जे बोललीस ते मी आत नेवऱ्या तळताना सगळं ऐकलं. तेव्हा काही बोलले नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि फोनवर हा विषय निघाला की माझा गळा दाटून येतो मग तू म्हणतेस आई नंतर बोलू, म्हणून आता दुपारची बसून टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घे.

बाबा सोमवारी फोंड्याला बँकेत जाऊन आले. साडेसात लाखांच्या वर लोन हवं तर तारण लागतं म्हणाले, कुळागर शेतीची जमीन म्हणून नको, घर चालेल. बाबांनी लगेच वन-फोर्टीनची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, झेरॉक्स काढून आणली. आणि आपल्या गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता दोघांची, म्हणजे माझी सही नसेल तर बँक पुढं सरकणार नाही. बाय, मी सही करणार नाही असं मुळीच म्हणत नाहीये. तू समुद्राचं शिकायला जावंस हे मला तुझ्याइतकंच हवंय. पण पस्तीस लाख दहा टक्क्यांनी दहा वर्षं म्हणजे महिन्याला ४६ हजाराच्या वर हप्ता, मी वहीत मांडून बघितलं, तिकडे नोकरी लागली नाही तर तो कुठून भरायचा? म्हणून माझं एकच मागणं आहे, सही करायच्या आधी मला एक वर्ष दे, आणि त्या वर्षात जिथं जिथं स्कॉलरशिपचा फॉर्म भरता येतो तिथं तिथं मनापासून भर.

तू बाबांना म्हणालीस की स्कॉलरशिप म्हणजे कोणाचे तरी उपकार घेऊन जाणं. हे मला फार लागलं. आपल्या सांखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी घरची गरिबी, शिकायची तळमळ घेऊन बाहेर पडले, कुठं कुठं फिरले, त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये द्यायचं कबूल केलं पण अट घातली, महाराष्ट्रात कुठंही रहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. त्याच माणसाला १९१० मध्ये हार्वर्डला बोलावणं आलं. त्याच बडोद्याच्या पैशावर आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. माशेलचे शास्त्रज्ञ माशेलकर ६० रुपयांच्या टाटा ट्रस्टच्या स्कॉलरशिपवर शिकले. यात उपकार कुठे आले गं? देणाऱ्याला काहीतरी हवं असतं, घेणारा ते देतो.

आता तू म्हणशील मग ब्रिटन सरकारची चिव्हनिंग स्कॉलरशिप भरते. भर, पण तो ऑगस्टात उघडतो नि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो, आणि त्याला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला चाळीस तास धरले तर सत्तर आठवडे होतात. तू कोचीला नोकरीवर गेल्या वर्षी जुलैत रुजू झालीस, मी कॅलेंडरवर मोजलं, साठ आठवड्यांच्या आसपास येतात. दहा आठवडे कमी पडतायत बाय, म्हणजे या वर्षी नाही पण पुढच्या वर्षी सरळ बसतं, आणि एका वर्षाच्या मास्टर्सची फी, राहायचा खर्च, विमान सगळं तेच देतात. नंतर दोन वर्षं भारतात परत यायची अट आहे. ती अट मला आवडते म्हणून मी हे सुचवतेय असं मनात आणू नकोस. तू परत नाही आलीस तरी मी तुझी आईच आहे. अमेरिकेच्या फुलब्राईट-नेहरूला तीन वर्षांचा अनुभव लागतो, ते आत्ता सोडून दे.

या वर्षी भरण्यासारखं मला सगळ्यात जास्त पटलं ते युरोपातलं इरास्मस मुंडुस. दोन वर्षांचा कोर्स, निदान दोन देशांत शिकायचं, फी माफ आणि महिना १४०० युरो हातात. समुद्रविज्ञानाचे कोर्स त्यात आहेत, तुला हवे तसलेच, आणि बहुतेकांच्या तारखा ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे आत्ता बसलीस तर वेळ आहे. तू नुसतं ब्रिटन ब्रिटन करतेस कारण त्या एजंटनं तुला तेच दाखवलं. एजंटला कमिशन युनिव्हर्सिटीकडून मिळतं, जिथं मिळत नाही तिथलं तो कशाला सांगेल. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फीच नाही, फक्त वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात आणि भारतातल्या मुलांना आपली मार्कशीट-डिग्री तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट लागतं, ते यायला वेळ जातो म्हणून आधी टाकायचं. ती रक्कम सुद्धा बारा लाखांच्या आसपास होते, लहान नाही, पण पस्तीस नाही आणि तुझ्याच खात्यात राहते, महिन्या महिन्याला थोडी थोडी काढायची. डाड नावाची त्यांची संस्था स्कॉलरशिप पण देते.

इन्लॅक्स स्कॉलरशिपला आधी अॅडमिशन हातात लागते, वय तिशीच्या आत, एक लाख डॉलरपर्यंत देतात पण फार थोड्यांना. जे एन टाटा एंडाउमेंट १८९२ पासून आहे, ती कर्जाऊ स्कॉलरशिप, परत फेडायची पण बँकेपेक्षा पुष्कळ सोपी. तिच्या पहिल्या दोन मानकरी बायकाच होत्या, त्यातल्या एक आपल्या कृष्णाबाई केळवकर, डॉक्टर. ते वाचलं तेव्हा मी स्टूल ओढून परत बसले आणि परत वाचलं. आणि आपल्या इथल्या शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, पर्रीकरांच्या नावाची गोवा स्कॉलर्स ही स्कॉलरशिप आहे, त्याचं मी पणजीला जाऊन स्वतः विचारून येते, रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून काढायचं काम पण माझ्यावर सोड.

पोर्तुगीज पासपोर्टचं काकांनी काढलं ना त्या दिवशी, आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा म्हणून. तो तुझा निर्णय, पण एक लक्षात ठेव, तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, मग फुलब्राईट-नेहरू, भारताच्या वाट्याची कॉमनवेल्थ स्कॉलरशिप, हे सगळं बंद. आणि ब्रिटनमध्ये युरोपियन मुलांना होती ती फीची सवलत ऑगस्ट २०२१ पासून नव्यांना नाही. काका हे सांगत नाहीत, कदाचित त्यांना माहीतही नसेल.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. बी.ए. झाल्यावर मला पुण्याला एम.ए. करायचं होतं आणि एका स्कॉलरशिपसाठी मी फॉर्म भरला होता. एका कचेरीतून एक कागद सहीसह यायचा होता, साहेब रजेवर होते, मी चार वेळा बसने गेले, चौथ्यांदा कागद मिळाला तेव्हा शेवटची तारीख दोन दिवसांपूर्वी गेलेली. परत येताना बसमध्ये मी कोणाशी बोलले नाही. पुढल्या वर्षी परत भरता आला असता, पण घरात कोणी म्हणालं नाही की परत भर, आणि मला पण सुचलं नाही, मग शाळेत लागले, मग लग्न. शाळा मला आवडली, मुलं आवडली, तरी ते दोन दिवस अजून आठवतात.

म्हणून शिफारसपत्रांसाठी तुझ्या प्रोफेसरांना आणि कोचीच्या साहेबांना आत्ताच सांग, शेवटच्या आठवड्यात नाही, आणि नुसतं मेल टाकून बसू नकोस, फोन कर, तुझे मार्क, तू केलेलं काम, कुठल्या कोर्सला भरतेस, सगळं एका पानावर लिहून त्यांना दे म्हणजे त्यांना सोपं जाईल. निबंधात मोठे मोठे शब्द नकोत. तू लहानपणी आजोळी खाडीकाठच्या खाजण शेतातल्या मानशीवर, त्या पाण्याच्या दारावर, बसून भरती-ओहोटीला पाणी मोजायचीस काठीनं, ते लिही. बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं त्या वर्षी मामाची भातशेती गेली, ते लिही. ते तुझ्याशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही.

आणि पुढच्या चवथीपर्यंत सगळीकडून नाही आलं तर मी बाबांबरोबर फोंड्याला जाईन आणि सही करीन, हा माझा शब्द. तोवर वन-फोर्टीनची झेरॉक्स मी माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवलीय.

रविवारी सकाळी फोन कर, पहिल्या निबंधाचं जे काय झालंय ते अर्धवट असलं तरी वाचून दाखव. बाबा पण ऐकतील, त्यांना मी सांगून ठेवलंय मध्ये बोलायचं नाही म्हणून.

तुझी,
आई
सावईवेरें