‘ही यादी कोणाच्या मालकीची?’ असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकट्यांना मेलवर पाठवता आलं असतं. पण जावा आणि स्काला या दोन प्रोग्रॅमिंग भाषा एकाच प्रकल्पात नांदवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं काहीतरी तुम्ही मला दिलंत, म्हणून चारचौघांत आभार मानतेय.

स्काला जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालते, त्यामुळे जावाची लायब्ररी तिच्यातून थेट वापरता येते. कलेक्शन, म्हणजे डेटा ठेवायच्या याद्यांसारख्या रचना, मात्र दोघींची वेगळी. जावाच्या लिस्टवर स्कालाच्या मॅप, फिल्टर या मेथड चालत नाहीत. उलट काफ्का या संदेशवाहक प्रणालीच्या जावा क्लायंटला टॉपिकची यादी म्हणून स्कालाची लिस्ट दिली, की कंपायलर अडवतो. त्यासाठी एका भाषेची यादी दुसरीत चालेल अशी करून देणाऱ्या ॲजस्काला (asScala) आणि ॲजजावा (asJava) या मेथड आहेत. इथवर मला येत होतं.

आमच्या सर्व्हिसमध्ये मधूनच नोंदी गायब व्हायच्या. बाहेरची एक जावा लायब्ररी आमच्या कॉलबॅकला (तिने बोलवायच्या आमच्या फंक्शनला) ॲरेलिस्ट ही जावाची यादी द्यायची, आम्ही तिला ॲजस्काला लावून फ्यूचरमध्ये, म्हणजे नंतर वेगळं धावणाऱ्या कामात, पुढे सोडायचो. आली तेव्हा लॉगमध्ये यादी भरलेली दिसे, प्रत्यक्ष काम सुरू झालं की रिकामी. एक्सेप्शन नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या. रिलीज तोंडावर आलं होतं आणि नेटवर्कपासून डेटाबेसपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

तुमचा त्या कामाशी संबंध नव्हता, तरी खुर्ची ओढून शेजारी बसलात. कोड वाचायच्या आधी एवढंच विचारलंत, “ही यादी कोणाच्या मालकीची आहे?” मग समजावलंत, की ॲजस्काला नवी यादी करतच नाही, जुनीवरच एक वेष्टण चढवतं. वाडा एकच, दारं दोन. मागच्या दाराने कोणी सामान हलवलं, तर पुढून येणाऱ्याला खोली रिकामीच दिसणार. ती लायब्ररी कॉलबॅक संपताच तीच ॲरेलिस्ट क्लिअर करून पुढच्या खेपेला वापरत होती. फ्यूचर त्याआधी धावलं तर नोंदी मिळायच्या, नंतर धावलं तर नाही. टेस्टमधली यादी कोणी रिकामी करतच नव्हतं, मग टेस्ट पडणार कशी?

उपाय एका शब्दाचा होता: कॉलबॅकमध्येच टूलिस्ट लावून खरी प्रत काढायची. तुम्ही मात्र तिथे थांबला नाहीत, आणि मला खरं ऋण वाटतं ते त्या पुढच्या तासाचं. कोणीतरी टूलिस्टऐवजी टूसेक (toSeq) सुचवलं, तेव्हा तुम्ही स्काला २.१२ चा सोर्स उघडून दाखवलात. तिथे बफरवरचं (ॲजस्कालातून मिळणाऱ्या, बदलता येणाऱ्या यादीवरचं) टूसेक ती यादीच परत करतं, म्हणजे प्रत निघतच नाही. २०१९ च्या २.१३ पासून साधं सेक (क्रमवार यादीचा स्कालातला प्रकार) म्हणजे इम्यूटेबल, न बदलणारं सेक झालं, तेव्हापासून तेच टूसेक खरी प्रत काढतं. नाव तेच, वागणं वेगळं. हे मला एकटीला कधी सापडलं असतं असं वाटत नाही.

वेष्टणाची बाजूही तुम्ही तितक्याच आपुलकीने मांडलीत. लाखभर नोंदींची यादी एका कॉलपुरती पलीकडे द्यायची, तर प्रत कशाला? ॲजजावाला यादीच्या लांबीप्रमाणे वेळ लागत नाही, आणि पलीकडून तीच यादी परत आली तर वेष्टण उतरून मूळ वस्तूच हाती येते. इम्यूटेबल लिस्ट तशी दिली आणि जावाने तिच्यात ॲड केलं, तर अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन येतं. तेही बरंच, निदान आवाज तरी होतो. मॅप नावाच्या किल्ली-मूल्य कलेक्शनच्या पोटात लिस्ट असेल तर फक्त बाहेरचा थर बदलतो, आतल्या लिस्टवर वेगळं ॲजस्काला लावावं लागतं, हेही त्याच दुपारी कळलं.

जावाकन्व्हर्जन्स या रूपांतराच्या जुन्या सोयीबद्दल तुम्ही बोललात ते मला फार पटलं. त्यात रूपांतर गुपचूप, इम्प्लिसिटने, म्हणजे कोडमध्ये न लिहिता कंपायलरकडून आपोआप व्हायचं. सीमा कुठे ओलांडली ते कोडमध्ये दिसायचंच नाही. २.१२ मध्ये ते डेप्रिकेट (वापरू नये असं जाहीर) झालं, २.१३ मध्ये काढूनच टाकलं, ते योग्यच झालं. ॲजस्काला लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, पण रिव्ह्यू करणाऱ्याची नजर तिथे अडते आणि तुमचा तो प्रश्न विचारता येतो.

आमच्या टीममध्ये आता तो प्रश्न सगळेच विचारतात. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी तुमचं नाव सांगूनच तो शिकवते. त्या दुपारी तुमचं स्वतःचं काम अडलं होतं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तुम्ही ते जाणवूही दिलं नाहीत. ताई, मनापासून आभार.

सध्या आम्ही २.१३ वर जातोय. ॲजस्काला-ॲजजावा पुरवणाऱ्या जुन्या जावाकन्व्हर्टर्सचे इम्पोर्ट काढून स्काला जेडीकेमधले कलेक्शनकन्व्हर्टर्स आणतोय, आणि जावाच्या फायलींमधून हाक मारायची तिथे जावाएपीआयमधले. पहिला बदल या आठवड्यात टाकेन. रिव्ह्यूला तुमचं नाव घातलं तर चालेल ना?

तुमची,
शेजारच्या टेबलवरची धाकटी सहकारी