यंदाचा गोठा ओटीवर

पुणे, ३० नोव्हेंबर

प्रिय आई-बाबा,

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार. चर्चमधल्या मिस्साहून आल्या आल्या मुलांनी चार मेणबत्त्यांतली पहिली जांभळी पेटवली. थोरलीनं काडी ओढली, धाकट्यानं फुंकर मारून विझवली, मग दोघांनी मिळून परत पेटवली. ती गडबड बघताना आपली ओटी डोळ्यांपुढे आली आणि वाटलं, आज पत्रच लिहावं. फोनवर बाबा 'बरं, बरं' म्हणतात, फोन आईच्या हातात जातो आणि माझं सांगायचं तसंच राहतं.

तर आधी सांगून टाकते. यंदा नाताळचा, बाळ येशूच्या जन्माचा गोठा आंब्याखाली नाही करायचा. ओटीवर करायचा, कंबरेएवढ्या टेबलावर, आणि तो मुलं करतील. चांदणीही छोटीच, दीड फुटाची, ओटीच्या वाशाला टांगू. आंब्यावर कोणी चढायचं नाही. शेजारच्या काकांशी मी बोलले आहे, आपली शिडी ते त्यांच्या पडवीत नेऊन ठेवतील. बाबा, रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

गेल्या वर्षी तुम्ही 'पाय मुरगळला' एवढंच म्हणालात. खरं काय झालं ते आईच्या तोंडून मार्चमध्ये निघालं, तेही चुकून. आईला बोलू नका, तिच्या पोटात ते तीन महिने राहिलं हेच खूप. मी चोवीसच्या संध्याकाळी पाहुण्यासारखी आले, तयार गोठ्यापुढे मुलांचे फोटो काढले आणि वर म्हणाले, 'बाबा, यंदा चांदणी तिरकी वाटते हो.' ते वाक्य अजून टोचतं मला. म्हणून यंदा रजा आधीच टाकली आहे. २० तारखेला दुपारपर्यंत आम्ही घरी.

पुतळ्यांचं म्हणाल तर ते माळ्यावरच राहू देत. थोरलीला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलं की संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा मांडला, तेव्हा गव्हाण होती, गवत होतं, खराखुरा बैल आणि गाढव होतं. पुतळे नव्हते. हे तिनं मला इतकं ठासून सांगितलं की आजोबांनी आणलेल्या पुतळ्यांचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. (कानतुटका बैल मात्र हवाच. तो मी उतरवेन. मीच.)

बाकी सगळे मातीचे. गणपतीतली शाडूची माती दोन किलो उरली होती, ती भिजवून मळून ठेवली आहे. मळताना थोडा कापूस पिंजून घातला, म्हणजे सुकताना तडे कमी जातात. वीतभराहून मोठं काही करायचं नाही. हात, डोकं जोडताना दोन्हीकडे काडीनं चरे पाडायचे, मधे पातळ माती लावायची आणि सावलीत सुकवायचं. उन्हात ठेवलं की मेंढ्यांचे पाय गळतात, हे आम्ही तीन मेंढ्या गमावून शिकलो. धाकट्यानं बाळ येशू केलाय. अंगठ्याएवढा आहे, नाक नाही, पण डोळे मिटलेले आहेत. 'आजोबा झोपतात तसा झोपलाय,' म्हणाला. तो बाळ चोवीसच्या रात्री मिस्साहून आल्यावर बाबांनीच गव्हाणीत ठेवायचा, हे मुलांचं ठरलं आहे.

आई, नाचणीचं काम तुझं. बारा तारखेला रात्री मूठभर नाचणी भिजत घाल, सकाळी फडक्यात बांधून ठेव, मोड डोकावले की करवंट्यांत माती भरून वर पसर. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. चोवीसपर्यंत हिरवीगार होईल. पहिले दोन-तीन दिवस झाकून ठेवायला तूच मला शिकवलंस, आणि मी दर तासाला झाकण उघडून बघायची. करवंट्या मोरीजवळच्या कट्ट्यावर ठेव, खाली वाकू नकोस.

चांदणीसाठी मात्र बाबा, तुमच्याशिवाय गत्यंतर नाही. इथे मी मुलांबरोबर एकदा करून पाहिली. दीड फुटाच्या दहा कामट्या, पाच-पाचाच्या दोन चांदण्या, एकीवर एक ठेवून टोकं बांधली आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटाएवढे तुकडे अडकवून पोट फुगवलं. दिसायला ठीक होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाठी सुटल्या. थोरली म्हणाली, 'आई, तू दोरा वापरतेस, आजोबा केळीचं सोपट भिजवून वापरतात.' तिनं ते कधी बघितलं, कुणास ठाऊक. तुम्ही खुर्चीवर बसायचं, कामट्या तिच्या हातात द्यायच्या आणि ती गाठ तिला शिकवायची. मला ती तुम्ही शिकवलीत, मी शिकले नाही. मी नऊ वर्षांची होते, तुमच्या मांडीला टेकून बसले होते, तुमच्या बोटांना खळीचा वास येत होता, आणि गाठीपेक्षा तो वासच लक्षात राहिला.

कागद लावायला खळच करू, कणकेची, चिमूटभर मोरचूद न घालता, कारण धाकटा अजून बोटं चाटतो. आणि आत एलईडीचाच दिवा. पिवळ्या बल्बची चांदणी छान दिसते हे मला मान्य आहे, पण त्या वर्षीचं आपल्या सगळ्यांना आठवतं.

गोठ्याचं छप्पर वाडीतल्या केळीच्या सुक्या पानांचं करू. पानं मुलं गोळा करतील, तुम्ही विहिरीकडे जाऊ नका.

फराळाचंही ठरवलं आहे. आई, पाच किलो मैद्याचे दिवस आता नकोत. एक किलोच्या कलकला पुरेत. पीठ मी मळेन, नारळाचं दूध मी काढेन, तळणीला मी उभी राहीन. तू स्टुलावर बसून मीठ-साखर सांग. मुलं गोट्यांएवढे गोळे काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळतील. तुझी ती कलकलांची वेगळी ठेवलेली फणी धाकट्याला दे, लहान हाताला ती सोपी पडते, आणि रेघाही बारीक उमटतात. वाकडेतिकडे होतील, होऊ देत. वाटायला कमी पडले तर नंदेकडून दोदोलची मिठाई येईलच. कोणी काही म्हणणार नाही. म्हणालं तर मी बघेन.

बाबा, तुमच्या कशातही बदल होणार नाही. दोन ते चार तुमची झोप, तेव्हा ओटीवर ठोकाठोक नाही. चहा तुमच्याच कपात. मी खुर्चीला नवी गादी आणते आहे, पाठीला टेकू असलेली. मिस्साला आपण तासभर आधी जाऊ, कडेची जागा धरू, मैदानात गार वाटतं म्हणून मफलर आणि मोजे दोन्ही. मोजे नाही म्हणू नका.

आणखी एक, ही मुलांची कल्पना आहे. बुटांच्या खोक्याची गव्हाण केली आहे. कोणी एक चांगलं काम केलं की पेंढ्याची एक काडी त्यात. चोवीसपर्यंत बाळाला मऊ अंथरूण व्हायला हवं. आज धाकट्यानं बहिणीला खिडकीकडची जागा दिली, एक काडी. थोरलीनं माझे कपडे वाळत घातले, एक काडी. मग दोघांनी ठरवलं की आजोबांनी बीपीची गोळी वेळेवर घेतली की त्यांचीही एक काडी, आणि आजीनं गुडघ्याचे व्यायाम केले की तिची. रोज रात्री आठला धाकटा फोन करून विचारेल. खरं सांगा त्याला. तो काड्या मोजतो.

बाबा, मला ठाऊक आहे, आंब्यावरची चांदणी पार रस्त्यापासून दिसायची, लोक त्यावरून आपलं घर ओळखायचे. मीही शाळेतून येताना तीच शोधायची. ओटीवरची फाटकापर्यंतच दिसेल. पण थोरली ती स्वतः बांधणार आहे, आणि तुम्ही तिच्या शेजारी असणार आहात.

आई, वीस तारखेला जेवायला फक्त वरणभात कर. येताना पापडी गावच्या बाजारातून मासळी आणू का, ते कळव.

शिडी मात्र काकांकडे मागायला जाऊ नका. तीन राजांचा सण झाला की ते स्वतःच आणून देतील. मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

तुमची लाडकी लेक