काका, ते पाणी तुम्ही प्यायला आणलं होतं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलं होतं. नाही घातलं. पण गप्पही बसवत नाही, म्हणून हे उघड पत्र बिननावाचं.

खडक कुठल्या दिशेला सरकला हे ठरवण्यासाठी रामटेकच्या पुढच्या त्या नाल्यात काढलेले माझे फोटो तुमच्याआधी बऱ्याच जणांनी पाहिले. एका काठाच्या नाईसमध्ये, म्हणजे त्या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकात, वरचा भाग उजवीकडे सरकलेला दिसायचा, समोरच्या काठावर डावीकडे. ज्यांचं हे सांगण्याचं काम, त्यांनी मोबाईलमधून मान वर न करताच निकाल दिला : "ज्या बाजूचे फोटो जास्त, ती दिशा लिहून टाक." आणखी एका जाणत्याने तर मुलींनी फील्डऐवजी लॅबचा विषय घ्यावा, असा फुकटचा सल्ला दिला. त्यांचंही भलं होवो.

तुम्ही फोटो बाजूला सारलेत. "चल, दगडालाच विचारू." मे महिन्यातलं आपलं ऊन, त्यात तुमचे गुडघे!

खडक धुळीने माखलेला, काही म्हणता काही दिसेना. तुम्ही बाटली काढलीत, एक घोट घेतलात आणि उरलेलं सगळं पाणी त्या दगडावर ओतलंत. रुमालाने पुसलंत. फेल्डस्पार या खनिजाचे दाणे एकदम उठून आले, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना डोळ्यांतल्या काजळासारखी ओढलेली शेपटी. उजवी शेपटी दाण्याच्या वरच्या अंगाने निघालेली, डावी खालच्या; वरचा भाग उजवीकडे सरकल्याची खूण. मग तुम्ही पळसाच्या सावलीत जाऊन बसलात. "घाई नाही बाप्पा. तू सांग, मी ऐकतो."

तेवढंच. उत्तर तुम्हाला केव्हाच दिसलं होतं, तरी बोलला नाहीत. पेन्सिल लिनिएशनच्या, म्हणजे खडक ताणला गेल्याच्या खुणांच्या, रेषेत धरली, कंपास लावला, मग समोरच्या काठाकडे वळले आणि लख्ख कळलं. तोंड फिरलं की उजवं-डावं फिरतं, खडक दोन्हीकडे एकाच दिशेला सरकलाय. फोलिएशनला, म्हणजे खडकातल्या पातळ पदरांना, काटकोनात आणि लिनिएशनला समांतर असलेला खडकाचा चेहराच वाचायचा, हे पुस्तकात होतं. आपण कुठे तोंड करून उभे आहोत तेही फोटोसोबत लिहायचं, हे तुमच्यामुळे अंगात मुरलं. लिनिएशनला आडव्या चेहऱ्यांवरचे फोटो तुम्ही न सांगताच मी वगळले. तिथे दोन्ही शेपट्या सारख्याच दिसतात, दिशा कळत नाही.

परतताना मनसरला चहा घेताना म्हणालात, इथल्याच देवलापारच्या खडकांत नॅप, म्हणजे दुरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर बसलेली खडकांची चादर, आहे असं भूवैज्ञानिक वेस्टसाहेबांनी 1936 साली मांडलं, तेव्हापासून लोक वाद घालताहेत, तूही घाल. एका विद्यार्थिनीला असं बरोबरीने वागवणारी माणसं या गावात आहेत, म्हणून उन्हाळे निघतात आमचे. हुशारी पुष्कळांकडे असते हो, दुसऱ्याला विचार करायला वेळ देण्याची दानत थोड्यांकडे.

दिशा कोणती, ते इथे लिहीत नाही. प्रत घेऊन रविवारी घरी येते, लाल पेन काढून ठेवा. आणि काकूंना सांगा, त्या दिवशी पाणी तुम्ही घोटभरच प्यायला होतात.

तुमची,
नाल्यातली विद्यार्थिनी