उर्कहून घरी, रविवारच्या चुलीबद्दल

उर्क, नेदरलँड्स
रविवार, दुपार

प्रिय पपा आणि मम्मी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

शुक्रवारी सुहासचा फोन आला आणि काल मम्मीचा. दोघांनी एकच भांडण सांगितलं, फक्त सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून केली. आपल्या घरच्या खोल्यांवर उतरलेल्या पाहुण्यांना रविवारी जेवण द्यायचं की नाही. पपा, "या घरात प्रभूच्या दिवशी धंदा होणार नाही" असं तुम्ही म्हणालात आणि सुहास ताटावरून उठला. कोल्हापूर-बेळगावचे लोक येतात तेच मुळी शनिवार-रविवारी, मग बँकेचा हप्ता मंगळवारच्या पाहुण्यांवर फेडू का, असं तो मला विचारत होता. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र त्यालाही वाचायला द्या.

इथे आता सगळं शांत आहे. सकाळची उपासना झाली, संध्याकाळची व्हायची आहे. या गावात रविवारी दोनदा देवळात जाणं हे जेवणाइतकं ठरलेलं असतं. स्तोत्रं म्हणतात ती इतकी संथ की पहिल्या महिन्यात माझा श्वास पुरायचा नाही. प्रवचन सुरू होताना बाकावर पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात. शेजारची म्हातारी मला न विसरता एक देते, आणि मला आपल्या देवळातल्या खडीसाखर देणाऱ्या काकींची आठवण होते.

उर्क हे पूर्वी बेट होतं. १९३२ साली समुद्राच्या तोंडाशी मोठा बांध घातला आणि यांचा खारा समुद्र गोड्या पाण्याचा तलाव झाला. १९३९ मध्ये बेट जमिनीला जोडलं गेलं. पण या लोकांनी जाळी टाकून दिली नाहीत. मोठ्या बोटी घेतल्या आणि उत्तर समुद्रात जायला लागले. आमच्या कारखान्यात माझ्या टेबलावर तपासणीला येतात ते मासे बहुतेक लेपेच, आपल्याकडच्यापेक्षा दणकट. बोटी सोमवारी सुटतात आणि शुक्रवारपर्यंत परत येतात. समुद्रात मासळी कितीही असो, रविवारी बोट बाहेर नसते. किनाऱ्यावर समुद्राकडे वळून पाहणाऱ्या एका बाईचा पुतळा आहे आणि भोवती बुडालेल्यांच्या नावांच्या पाट्या. एकाच आडनावाची कितीतरी नावं. ते पाहिल्यावर हे लोक देवाचं नाव इतक्या गांभीर्याने का घेतात ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या माणसालाही ते सांगावं लागणार नाही.

रविवारी दुकानं उघडायची का, हे २०१३ पासून इथे प्रत्येक नगरपालिका ठरवते. ॲमस्टरडॅममध्ये रविवारचा बाजार इतर दिवसांसारखाच भरलेला असतो. उर्कने दुकानं बंद ठेवली आहेत.

पपा, तुम्ही मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंत, म्हणून ही गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. या देशात अब्राहम कायपर नावाचे एक पाळक होते. आधी पाळक, मग वर्तमानपत्राचे संपादक आणि १९०१ ते १९०५ पंतप्रधान. १८८० मध्ये त्यांनी स्वतंत्र विद्यापीठ काढलं. मानवी जीवनाचा इंचभर तुकडाही असा नाही की ज्याला ख्रिस्त "हा माझा" म्हणत नाही, असं ते त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. ख्रिस्ती पालकांच्या शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा मिळावा म्हणून त्यांच्या लोकांनी कित्येक दशकं झगडा केला आणि १९१७ साली तो हक्क राज्यघटनेत आला. विश्वास म्हणजे घरातला खासगी मामला, तो उंबऱ्याच्या आत ठेवावा, हे त्यांनी मानलं नाही. मीही मानत नाही. मुंबईत नोकरीला असताना मी धर्माचा विषय निघाला की गप्प बसायचे. इथे ती सवय सुटली.

पण इथलं सगळंच मला पटतं असं समजू नका. यांच्यातले काही लोक देवाच्या योजनेत ढवळाढवळ नको म्हणून मुलांना लस देत नाहीत. १९९२-९३ मध्ये या देशाच्या धार्मिक पट्ट्यात पोलिओची साथ आली, ७१ जण आजारी पडले, दोघं गेले. मम्मी, तू मिशन दवाखान्यात आयुष्यभर मुलांना डोस पाजलेस, ते प्रार्थना करूनच. मी हे इथल्या एका मैत्रिणीला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. आणि बायकांचं. यांचा १९१८ पासूनचा एक पक्ष आहे, संसदेच्या १५० जागांत त्याला दोन-तीन जागा मिळतात. त्याने स्त्रियांना उमेदवारी देणं नाकारलं होतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये कुठे त्यांची पहिली बाई नगरपरिषदेत बसली. ते वाचताना मला आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टर गोहीन यांच्या मुलाची, रॉबर्टची गोष्ट आठवली. १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मलेला तो मुलगा अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि त्याच्याच काळात, १९६९ मध्ये, तिथे पदवीच्या वर्गांत मुली शिकायला आल्या. तोही मिशनरी घरातच वाढलेला होता.

विवाहाबद्दल मी पवित्र शास्त्राप्रमाणेच मानते, हे तुम्हाला माहीत आहे. २००१ साली या देशाने पुरुष-पुरुष आणि बाई-बाई यांच्या लग्नाला मान्यता दिली, तशी देणारा हा जगातला पहिला देश. माझ्या प्रयोगशाळेत असं एक जोडपं आहे. मी त्यांच्यासोबत चहा घेते, त्यांनाही माझं मत माहीत आहे. या एकाच विषयावर मोठ्याने बोलून बाकी सगळ्याकडे काणाडोळा करणारे लोक मात्र मला रुचत नाहीत.

मला खरी झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. आमच्याकडे शेजारच्या शहरातून एक बाई कामाला येते. तिच्या आत्याने मरणाची तारीख ठरवली. कायद्याने, २००२ पासून तसा कायदा आहे. वेदना असह्य असाव्यात, बरं होण्याची आशा नसावी, दुसऱ्या डॉक्टरनेही तपासावं, अशा अटी आहेत, आणि त्या पाळल्या गेल्या. आदल्या दिवशी सगळे नातेवाईक जमले, कॉफी झाली, फोटो काढले. ही बाई मला सांगत होती आणि सांगता सांगता रडली, "तिला आम्हाला त्रास द्यायचा नव्हता" म्हणाली. मी तिला दोष देणार नाही. ती वेदना मी सोसलेली नाही. पण मला आपली आजी दिसत राहिली. दोन वर्षं माजघरातल्या खाटेवर. मम्मी ड्युटीवरून येऊन तिची पाठ पुसायची, सुहास तिला पेज भरवायचा, समोरच्या राऊळांची बाय रोज येऊन पायाशी बसायची. आजी किती वेळा म्हणाली असेल, "माझो त्रास झालो गो तुमका". आणि मम्मी दर वेळी म्हणायची, "झालो तर झालो". माणसाचा त्रास होऊ शकतो, आणि तरी त्याने असावं. इथे हे मोठ्याने म्हणणारे फार थोडे उरलेत आणि त्यांना लोक मागासलेले म्हणतात. या बाबतीत मी त्यांच्या बाकावर बसते.

आता घरच्या विषयाकडे. गेल्या महिन्यात इथल्या पाळकांनी दहा आज्ञा वाचल्या. चौथी आज्ञा, विश्रांतीच्या दिवशी कोणी काम करू नये ही, मला पाठ आहे, लहानपणापासून. पण या वेळी एका शब्दाशी मी थांबले. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, आणि तुझ्या वेशीच्या आत असलेला उपरा. पपा, या गावात उपरी मी आहे. कारखान्यात माझ्याबरोबर पोलंडची माणसं आहेत, ती कोणत्या देवळात जातात मला ठाऊक नाही. पण रविवारी यंत्र बंद असतं ते आमच्यासाठीसुद्धा. इथल्या माणसांचा विश्वास माझ्यापर्यंत पहिल्यांदा पोचला तो विश्रांती म्हणून. प्रवचन तर मला नंतर कळायला लागलं.

आपल्याकडे ही सुट्टी मागितली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी, गिरणी कामगारांसाठी, आणि १८९० च्या जूनमध्ये ती मिळाली. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातले किती तरी होते. लोखंडे काही ख्रिस्ती नव्हते, रविवार खंडोबाचाही वार. म्हणून रविवार फक्त आपला, असं आपण धरून बसू नये असं मला वाटतं.

पपा, राग मानू नका. मंडळीत लोक काय म्हणतील, ही काळजी तुमच्या बोलण्यात मला ऐकू आली. आणि सुहास, तुझ्या बोलण्यात फक्त हप्ता. तुम्ही दोघंही सुलोचनाकाकींचं नाव घेतलं नाहीत. पहाटे पाचला येऊन घावणे काढतात त्या. शनिवारी रात्री सुरमई तळतात आणि रविवारी दुपारी पुन्हा चुलीपुढे उभ्या. त्यांच्या लेकीला कुडाळला दिली, तिच्याकडे जायला त्यांना कोणता वार मोकळा मिळतो?

खोल्या उघड्या राहू देत. आलेल्याला रविवार आहे म्हणून कोणी दारातून परत पाठवू नये. सकाळचा नाश्ता शनिवारीच करून ठेवावा, चहा पाहुण्यांनी स्वतः करून घ्यावा, आणि दुपारची चूल बंद. जेवायला बाजारात खानावळी आहेत, सुहासने तसं आधीच फोनवर सांगावं. आजी दुकान चालवायची तेव्हा म्हणायची तसंच, "आज देवाचो दिस, वही मिटून ठेव." रविवारच्या जेवणाचे जितके पैसे बुडतील तितके मी काजूचा हंगाम येईपर्यंत दर महिन्याला पाठवीन. हे उपकार नाहीत, त्या घरात माझाही रविवार आहे. काकींचा पगार मात्र कापायचा नाही, एवढी माझी अट.

पपा, आज रात्री सुहासला तुम्हीच हाक मारा. तो धाकटा आहे, पण आधी हाक मारणं तुम्हालाच सोपं जाईल.

आणि मम्मी, काकींना अजून कोणी काही विचारलं नसणार. उद्या त्या आल्या की तू विचार, त्यांना रविवारच हवा की दुसरा वार.

तुमची,
सुनीता