डॉक्टर मॅडम, आईच्या हिरड्यांसाठी तुमचे आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईने मक्याचं कणीस खाल्लं. दाणे सोलून नव्हे, कणसाला थेट तोंड लावून. चारेक वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला सविस्तर लिहायचं.

आई तुमच्याकडे आली ती सगळे दात काढून घ्यायच्या तयारीने. आधीच्या दवाखान्यात तोंड नीट न बघताच 'आता कवळीच' असं सांगितलं होतं. आईनेही ते मान्य केलं होतं. पायोरिया झाला की दात जायचेच, हे तिने आजीपासून सगळ्यांच्या बाबतीत पाहिलेलं.

तुम्ही मात्र तिच्या डाव्या हाताची काळपट तर्जनी पाहिलीत आणि साधेपणाने विचारलंत, "आई, मिशरी दिवसातून किती वेळा?" आवाजात राग नव्हता, म्हणून तिने खरं सांगितलं. पाच-सहा वेळा, गेली चाळीस वर्षं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची, हे लग्न होऊन आल्यावर सासूनेच शिकवलं. आमच्याकडे कितीतरी बायका आजही त्यालाच दात घासणं म्हणतात. मिशरी जिथे रोज चोळली जायची तिथलीच हिरडी सगळ्यात जास्त खाली सरकली होती, हे तुम्ही दाखवलंत. गाल आणि जीभही उलटून-पालटून तपासलीत, कॅन्सरची सुरुवात असू शकणारा पांढरा चट्टा कुठे नाही ना म्हणून. त्या दोन मिनिटांत माझा जीव टांगणीला लागला होता.

मग ती बारीक, खुणा केलेली सळई. तुम्ही आकडे सांगत होतात आणि सिस्टर लिहून घेत होत्या: चार, पाच, तीन, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा झालाय, हे तुम्ही आईला समजेल असं सांगितलंत. साफ केले की दात ढिले होतात, ही तिची भीतीही तुम्ही उडवून लावली नाहीत. दात आधीच ढिला असतो, सुजेने खालचं हाड झिजलेलं असतं. कीटण निघालं की फट जिभेला लागते आणि लोक सफाईला दोष देतात. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, पण राहिलेलं वाचवता येतं, हेही स्पष्ट सांगितलंत. दोन दात काढावेच लागले. बाकीचे दात चार खेपांत, भूल देऊन, हिरडीच्या आतपर्यंत साफ केलेत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो आरसा. तुम्ही आईच्या एका हातात आरसा दिलात, दुसऱ्या हातात मऊ ब्रश, आणि तिचं मनगट धरून शिकवलंत. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवायचे, जागच्या जागी हलकेच हलवायचे, मग दाताच्या टोकाकडे ओढायचे. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विसरायची नाही, कीटण तिथेच जास्त साठतं. ब्रशला रक्त लागलं तशी आई थांबली. "रगत येतंय बाई, म्हणून तर मी ब्रश लावत न्हाई." तुम्ही म्हणालात, "रक्त येतंय म्हणूनच लावायचा, हळू हाताने." दोन आठवड्यांत थुंकी स्वच्छ पडायला लागली. दातांच्या फटींसाठी तुम्ही दिलेला इवलासा ब्रश ती आता रात्री जेवणानंतर न चुकता वापरते.

मिशरी सुटायला चार महिने लागले. त्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तिची तक्रार तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. दोनदा तिने पुन्हा डबी उघडली, तेव्हा फोनवर तिच्याशी बोललात आणि १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी मोफत हेल्पलाइनही दिलीत. डबीत आता मिशरी नाही, आई तिच्यात सुया ठेवते.

साखरेचंही सांगते. हिरड्यांचा संसर्ग आणि साखर एकमेकींना वाढवतात, हे मला तुमच्याकडेच कळलं. आईच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ९.१ होती, ती ७.८ वर आली. गोळ्याही बदलल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय हिरड्यांना देत नाही. पण तुम्ही आमच्या साखरेच्या डॉक्टरांना स्वतःहून चिठ्ठी लिहिलीत, ती आम्ही जपून ठेवली आहे.

मॅडम, घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे आम्हीसुद्धा कधी लक्ष दिलं नव्हतं. तुम्ही दिलंत. मनापासून आभार.

पुढच्या सोमवारी आईची तपासणी आहे. शेजारच्या दोघी काकू तिच्यासोबत यायचं म्हणतायत, दोघींचीही मिशरी चालू आहे. आईने त्यांना आरसा दाखवून ब्रश धरायला लावलाय, पण हिरड्या तुम्हीच बघाव्यात असा तिचा आग्रह आहे. त्यांच्यासाठी थोडा वेळ ठेवाल का?

आपली कृतज्ञ,
तुमच्या कणीस खाणाऱ्या पेशंटची मुलगी