अण्णांसाठी चार ओळी

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस. आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझी शुगर आटोक्यात. तब्येतीचं एवढंच.

मेधा ग्रुप सोडून गेली ते तुला दिसलं असेल. का गेली ते माहीत नसणार, म्हणून लिहितोय. गुरुवारी रात्री तिने टाकलं होतं, "अण्णांना घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा." त्यावर तिघांचे जोडलेले हात आले. मग जोश्याने मॅचची क्लिप टाकली. रात्री बारा वाजता वैद्याच्या मुलीचा वाढदिवस लागला, केक, फुगे, सगळ्यांच्या शुभेच्छा. सकाळपर्यंत अण्णा इतके वर गेले की शोधल्याशिवाय सापडेनात. मी फोन केला तेव्हा मेधा रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. म्हणाली, "काय झालंय, एवढं तरी कुणी विचारायचं ना रे."

तेव्हापासून मला चैन नाही. जोश्या काय वाईट माणूस आहे का? अण्णांकडचे पोहे त्याने तुझ्या-माझ्याइतकेच खाल्लेत (तुझ्याइतके नसतील, तेवढे कुणीच खाल्ले नसतील). वैद्याने मुलीचा वाढदिवस का साजरा करू नये? अण्णांच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत एकेका गोष्टीवर पहाटेपर्यंत भांडणारी हीच माणसं. पण तिथे अण्णा बोलत असताना मध्येच केक यायचा नाही. इथे सगळं एकाखाली एक येतं आणि जो शेवटचा बोलला त्याचंच समोर राहतं. शिऱ्या शुक्रवारी शिफ्ट संपवून आला, त्याने मेधाचं वाचलं, पण फुग्यांच्या खाली अण्णांची चौकशी करणं त्याला बरं वाटेना. गप्प बसला. असे किती जण गप्प बसले असतील! आणि मेधाला वाटलं, कुणाला काही पडलेलीच नाही.

आता मुद्द्याचं. मिल्याने आपल्यासाठी झुलिप नावाचं गप्पांचं अ‍ॅप बसवलंय, स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. तुला त्याचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल: 2012 मध्ये सुरू झालं, 2014 मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतलं, 2015 मध्ये सगळा कोड खुला झाला. मला त्यातली एकच गोष्ट आवडते. ग्रुपमध्ये लिहिताना आधी वर विषय लिहायचा. मॅचचं मॅचखाली, वाढदिवसाचं वाढदिवसाखाली. कुणी चुकून दुसरीकडे लिहिलं तर तो मेसेज उचलून योग्य विषयाखाली ठेवता येतो. चार दिवसांनी आलास तरी कुठल्या विषयात तुझं किती वाचायचं राहिलंय ते दिसतं, आणि तिथे उत्तर दिलं की ते त्याच बोलण्याला लागून बसतं. उशीर झाला असं वाटत नाही रे! माझ्या लेखी हे फार मोठं आहे. विचार करून बोलणाऱ्या माणसाला, रात्रपाळीवाल्याला, हळू टाइप करणाऱ्याला बोलता येतं.

तुमच्या गणितवाल्यांनाच विचार. गणितज्ञ पीटर शोल्झने डिसेंबर 2020 मध्ये आपलंच एक प्रमेय संगणकाकडून तपासून घ्यायचं आव्हान दिलं. लीन या सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामवाल्यांनी जुलै 2022 मध्ये ते पुरं केलं. त्यांची चर्चा झुलिपवरच चालायची. दीडेक वर्ष एकाच गोष्टीवर निरनिराळ्या देशांतली माणसं सुटं सुटं बोलत राहिली आणि धागा तुटला नाही. मग आपल्या दहा-बारा जणांना अण्णांबद्दल धड बोलता येऊ नये?

तू म्हणशील, मॅट्रिक्स का नाही, तेही आपल्या सर्व्हरवर चालणारं गप्पांचं जाळंच की. तुझ्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर मॅट्रिक्स हाच उपाय. फ्रान्सचं सरकार वापरतं, मान्य. पण फोन बदलला की कुलूपबंद मेसेज उघडायच्या किल्ल्या सांभाळायच्या, पडताळणी करायची, हे मेधाच्या आत्याला कोण शिकवणार? शिवाय मे 2023 मध्ये आपल्या सरकारने काश्मीरमधल्या दहशतवादाचं कारण देऊन चौदा अ‍ॅप्स बंद केली, त्यात मॅट्रिक्ससाठीचं एलिमेंट आणि गप्पांचंच ब्रायर, दोन्ही होती. त्या रात्री तू फोनवर तासभर तापला होतास आणि शेवटी म्हणालास, "सोड, आता मी कुणाला काही बसवून देणार नाही." ते मला लागलं होतं, बंड्या. झुलिपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, हे तू सांगायच्या आधी मीच सांगतो. सर्व्हर ज्याच्या हातात त्याला वाचता येतं. तो मिल्याच्या हातात आहे, आणि मिल्यापासून आपलं काय लपलंय? अगदी खासगी असेल ते सिग्नलवर बोलू.

अरे, हे वेड लावलं कुणी? सदाशिव पेठेतल्या खोलीत जॅबर या जुन्या गप्पांच्या व्यवस्थेचा सर्व्हर रात्रंदिवस घरघरत ठेवून, माझ्या मशीनवर पिजिन हे गप्पांचं सॉफ्टवेअर घालून, ओटीआर एन्क्रिप्शनच्या किल्लीचा ठसा फोनवरून अक्षर अक्षर वाचून घेणारा तूच ना? विजेच्या बिलावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. (पंखा बंद करून सर्व्हर चालू ठेवावा, हे मला आजही पटत नाही.) 2013 मध्ये गूगलने हँगआउट्स आणून बाहेरच्या जॅबर सर्व्हरशी बोलणं मोडीत काढलं, तेव्हा तू घरात कुणी गेल्यासारखा बसला होतास. बोलायची जागा आपल्या हातची असावी, हे तेव्हा तू सांगायचास आणि मी ऐकायचो. आज तेच मी तुला सांगतोय.

'अण्णा' नावाचा विषय मी रविवारी उघडला. मेधाने आधी आजारपणाचं सगळं सविस्तर लिहिलं. मग शिऱ्याने विचारलं, रात्री कोण थांबतं? त्याच्या पाळ्या तिथेच ठरल्या. जोश्याने खिळ्यांची अख्खी केस पाडली होती, आठवतं? ते त्याने दोन पानं भरून लिहिलंय. दुपारी अण्णा जागे असले की मेधा त्यांना वाचून दाखवते. ऐकून म्हणाले, "केस ट्रेडलपाशी नव्हती पडली, दाराशी पडली. आणि ह्याचे ऱ्हस्व-दीर्घ अजून तसेच का?" मेधाने जसंच्या तसं खाली टाइप केलं. जोश्या फोनवर हसत होता आणि रडत होता.

काल त्यांनी विचारलं, "देशपांड्यांचा बंडू काही लिहीत नाही का?"

तुझ्या लग्नपत्रिकेच्या रात्री छापखान्यात तुमचं दोघांचं काय झालं, ते आम्हाला अर्धंमुर्धंच माहीत आहे. तू वर्षभर तिकडे फिरकला नाहीस आणि अण्णांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. खरं-खोटं काय असेल ते तुम्हा दोघांत. पण ती रात्र तुझ्याशिवाय कुणी लिहू शकत नाही, आणि अण्णांना ती ऐकायचीय, एवढं मला कळतं. डॉक्टरांनी दिवस सांगितलेले नाहीत. मेधाच्या आवाजावरून फार नसावेत.

कांचनची बदली झाली का? नागपूरच्या उन्हात जपा. चिनूला दहावीसाठी शुभेच्छा, तिला गणित तू शिकवू नकोस एवढंच.

आमंत्रणाची लिंक तुझ्या जुन्या मेलवर पाठवली आहे, स्पॅममध्येही बघ. अ‍ॅप नको असेल तर ब्राउझरमधून चालतं. दुपारी चारच्या आत लिहिलंस तर त्याच दिवशी वाचून होईल.

तुझा,
सुहास